अंगठ्यांना सुतळी

९ नोव्हेंबर १९८७, परभणी
आज दवाखान्यात भरती झालो. खोली झकास हाय, गादी नवी, खिडकीतून ऊन. मानवतच्या बसमध्ये जन्मभर कंडक्टरकी केली, पण असं ऐसपैस पडायला कधी मिळालं न्हाई. प्रोस्टेटची गाठ काढायचीय. लघवीला उभं राहावं तर नुसता थेंब थेंब, जीव मेटाकुटीला आलाय. डॉक्टर म्हणाले, पाठीत इंजेक्शन देऊ, कमरेखाली बधिर होईल, तुम्ही जागेच राहाल. म्हणलं, द्या बिनधास्त. सोबतीला बायको सुमन अन् पोखर्णीची थोरली बहीण धुरपताबाई, आमची आक्का. तिनं भाकरी अन् ठेचा आणलाय. लय खूश हाय मी.

१० नोव्हेंबर
ऑपरेशन झालं. गुडघे पोटाशी घेऊन निजवलं, मणक्यात सुई टोचली, पाय गरम झाले अन् गायबच! बाहेर आणल्यावर आक्का विचारायली, ह्याचे पाय का हलत न्हाईत? कंपाउंडर हसून म्हणाला, मावशी, कमरेखाली मेलाय तुमचा भाऊ, संध्याकाळी जिता होईल. मला हसू आलं. आक्काला न्हाई आलं.

११ नोव्हेंबर
पाय अजून आले न्हाईत. डॉक्टर म्हणतात, एखाद्याला वेळ लागतो. त्यात आक्काचा कहर! दुपारी डोळा उघडला तर पायाचे दोन्ही अंगठे सुतळीनं एकत्र बांधलेले. मढ्याचे बांधतात तसे! मी असा बोंबललो की शेजारच्या खोलीतली माणसं धावत आली. आक्का म्हणाली, मेलेलं अंग मोकळं ठेवलं की त्यात दुसरं कुणी शिरतंय. तोंडाला येईल ते बोललो तिला. सुमनला सुतळी सोडायला लावली अन् आक्काला पोखर्णीच्या गाडीत बसवून द्यायला लावलं. जित्या भावाचं मढं करायलीय, लाज वाटत न्हाई!

१२ नोव्हेंबर
पाय हलले. सुमन रडली, डॉक्टरांनी पाठ थोपटली. सगळे मूर्ख हायत. मी हलवले न्हाईत. मला पाय कळतच न्हाईत अजून. बेंबीपर्यंत बधिर हाय. चादरीखाली अंगठा अंगठ्यावर घासायलाय, सावकाश, नव्या चपला घालून बघावं तसा. डॉक्टरला सांगितलं तर म्हणे, भास हाय. भास तुझ्या बापाला!

१३ नोव्हेंबर
छातीपर्यंत आलंय. आज चालवलं मला. मी न्हाई चाललो — नेलं मला. सुमनला म्हणलं, सुतळी आण, बांध. ती म्हणे, आता कशाला, चांगले चालताय की! शिव्या घातल्या तिला. आक्काला निरोप धाड म्हणलं. धाडते म्हणली. धाडला न्हाई.

१४
डावा हात गेला. सुमनच्या डोक्यावरून फिरायलाय तो. ती हसायलीय. सोड तिला — हरामखोरा, माझी बायको हाय ती —
आक्का, चुकलं माझं. ये गं. आता अंगठ्यांनी भागायचं न्हाई, हा लिहिता उजवा हात तरी — मनगटाला बांध, घट्ट, मन