दारातल्या चपला

बा, आज परत तुझ्यावर ढकललं मी. पलीकडच्या पाड्यावर एका म्हातारीचा मुलगा खडीच्या क्रशरवरून खोकत आलाय. आशाताई म्हणून मीच बघायला गेले. म्हातारी म्हणाली, "बाय, कोन्या डॉक्टरकडं नेऊ? बाजारातला सुई देतो, लगेच बरं वाटतं." आणि माझ्या तोंडून नेहमीचं निघालं, "माझ्या बाचं बघ. सरकारी डॉक्टर नीट सांगत होता, पण त्यानं ऐकलं नाय. सुईच्या मागं लागला नि जिवानिशी गेला." म्हातारीला पटलं. उद्या ती मुलाला घेऊन मोखाड्याला येणार आहे. काम झालं खरं, पण घरी आल्यावर भाकर तशीच ठेवून वही घेऊन बसले.

शिमग्याच्या आधी तू ठाण्याकडच्या क्रशरवरून परत यायचास. दरवर्षी येताना माझ्यासाठी काहीतरी आणायचास, त्या वर्षी मात्र रिकाम्या हातानं आलास, कारण पिशवी उचलायलाही दम नव्हता. उंबऱ्यात बसलास आणि चुलीचा धूर नुसता लागला तरी ढास लागली. आई नागलीची भाकर थापता थापता थांबली. मी बारावीला होते, घरात शिकलेली मी एकटीच, त्यामुळे तुला डॉक्टरकडं नेणं माझ्याकडं आलं. तू हसत म्हणालास, "चपला मोजून ने गं." तुझा तो कायदाच होता: ज्याच्या दारात चपला जास्त, त्याच्या हाताला गुण.

मोखाड्याला जीपमधून उतरलो तेव्हा उन्हं चढली होती. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर पोरसवदा होता. त्यानं तुझा सदरा वर करून पाठीला नळी लावली, मग छातीला, मग परत पाठीला. विचारलं, "बाबा, काम काय करता?" तू म्हणालास, "खडी फोडतो साहेब, मशिनीवर." "किती वर्षं?" तू माझ्याकडं बघितलंस. मी जन्मले तेव्हापासून, एवढंच आपल्याला ठाऊक होतं. त्यानं जव्हारला छातीचा फोटो काढायची चिठ्ठी दिली, धुळीचं काम आजपासून बंद म्हणून सांगितलं, आणि नर्सबाईनं एक झाकणाची डबी दिली. सकाळी उठल्या उठल्या खाकरून यात थुंकायचं आणि आणून द्यायचं. मी विचारलं, "सुई नाय देत?" तो म्हणाला, "सुई लागत नाही." मला रागच आला. एवढ्या लांबून आलो, आणि देतो काय, तर थुंकायची डबी!

बाहेर आलो तर पायरीशी माझ्या वर्गातली एक मुलगी उभी. माझ्या हातातल्या डबीकडं तिनं बघितलं आणि ओढणी नाकाला लावली. टीबीवाल्याच्या घरची, हे उद्या कॉलेजात होणार, एवढंच माझ्या डोक्यात. तू मात्र खुशीत होतास. म्हणालास, "यानं इचारलं तरी, काम काय करतोस. आजवर कोनी नाय इचारलं. उद्या येऊ परत." आणि मी काय बोलले? "याच्या दारात एक तरी चप्पल दिसते का तुला?" तू दाराकडं बघितलंस, हसलास, हसता हसता ढास लागली. बा, तिथं चपला काढतच नाहीत. लोक घालूनच आत जातात. आपणही तसेच आत गेलो होतो. तुझ्या डोक्यात नसेल आलं, माझ्या आलं होतं.

मग बाजारातला डॉक्टर. त्याच्या दारात चपलांचा ढीग. तो नळीही लावायचा नाही, नाव विचारायच्या आधी सुई भरायचा. सुई घेतली की तुझ्या अंगात चार दिवस जोर यायचा, पावसाळाभर तू चिखलात उतरून भाताची आवणी केलीस, आई म्हणायची, पोरीनं बापाला उभं केलं. मीही फुगले. त्याच जोरावर दिवाळीनंतर तू परत क्रशरवर गेलास. शिमग्यापर्यंतही टिकला नाहीस, दोघांनी धरून आणलं तुला.

तेव्हा कुठं जव्हार. फोटो उजेडाकडं धरून तिथल्या डॉक्टरबाईंनी बोटानं पांढरे डाग दाखवले. मग म्हणाल्या, दगडाची धूळ बसलीय, वर टीबी. धूळ काही निघत नाही, पण टीबीला वेळेवर गोळ्या सुरू झाल्या असत्या, काम सुटलं असतं, तर काही वर्षं मिळाली असती. "वर्षापूर्वीची चिठ्ठी आहे ही. इतके दिवस कुठं होता?" मी म्हणाले, "बा ऐकत नव्हता." तू शेजारीच बाकावर होतास. मला वाटलं, आता बोलशील. तू मान हलवलीस. "व्हय बाई, मीच नाय ऐकलं. पोरगी सांगून सांगून दमली." एवढं बोलायलाही तुला तीनदा श्वास घ्यावा लागला. आवणीच्या आधीच तू गेलास.

मला तुझा रागही येतो, बा. एक शिवी घातली असतीस तर मोकळी झाले असते. तू झाकलंस, आणि मी त्या झाकणावर बारा वर्षं बसून आहे. आता मीच पाड्यापाड्यावर सांगत फिरते: डॉक्टर निवडायचा तर सुई बघू नका. छाती तपासतो का, काम विचारतो का, थुंकी मागतो का, ते बघा. लोक ऐकतात, कारण सोबत तुझी गोष्ट असते. खरी गोष्ट सांगितली तर माझं कोण ऐकेल? उद्या म्हातारीच्या मुलालाही मी तीच सांगणार, मला ठाऊक आहे.

हे पान कुणाला दाखवायचं नाही, चुलीतच जाईल. पण एक तुला सांगायचं राहिलं. दवाखान्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू चूळही न भरता अंगणात उभा होतास, खोकला दाबून, डबीची वाट बघत. मी म्हणाले, जीपमध्ये पडली वाटतं. तू म्हणालास, "ऱ्हाऊ दे, पोरी," आणि कुडाशी जाऊन थुंकलास.

पडली नव्हती, बा. घाटात मीच फेकली.