चिकटवलेली सही

३ मार्च, सोमवार

दुकानात टेप घेऊन माणूस! मी मागे मशीनवर काच घासत होते, हात कोपरापर्यंत पावडरच्या पाण्यात. बाहेर येऊन बघते तर एक टायवाला काउंटरची लांबी मोजतोय. विचारलं, काय पाहिजे? म्हणाला, "हे पार्टिशन कुठून तोडायचं ते बघतोय." का म्हणून तोडायचं? "मॅडम, करारात आहे ना! तुमचीच तर सही आहे."

माझी सही!

फोनवर दाखवली त्यानं. चष्म्यांच्या त्या मोठ्या चेनशी करार. दहा वर्षं अख्खी जागा त्यांची. मागचं मशीन बंद. काचा त्यांच्या कारखान्यातून तयार होऊन येणार. खाली दादाची सही आणि शेजारी माझी. शेवटच्या अक्षराची शेपटी कागदाबाहेर पळतेय अशी — म्हणजे माझीच. आणि मी तो कागद जन्मात पाहिलेला नाही!

टायवाल्याला टेपसकट बाहेर काढला. दादा बँकेत गेलाय म्हणे. येऊ दे.

४ मार्च, मंगळवार

काल आलाच नाही. आज सकाळी आला, आणि वर साळसूदपणे म्हणतो, "अगं, तुझी सही मी रोजच लावतो की."

लावतो. कबूल. प्रत्येक चष्म्याबरोबर एक कार्ड जातं — ‘काच तपासली’ — खाली माझी सही. पूर्वी मी प्रत्येक कार्डाला उठायची. हात पुसा, बाहेर या, सही करा, तरी शाई फिसकटायची आणि गिऱ्हाईक तोंड वाकडं करायचं. मग दादानं एकदा कोऱ्या कागदावर माझी सही घेतली, स्कॅन केली, कॉम्प्युटरमध्ये ठेवली. तेव्हापासून कार्डावर तीच. पावडरवाल्याच्या पावतीवर तीच. कुरियरवाल्यालाही तीच.

"तूच म्हणालीस — लाव नि मोकळा हो, दर वेळी मला विचारत बसू नकोस."

म्हणाले होते! कार्डासाठी म्हणाले होते! माझ्या पायाखालची फरशी दुसऱ्याला द्यायला नाही!

"दिली कुठे, भाड्यानं दिलीय. गिऱ्हाईकाला तासाभरात चष्मा हवा असतो, तुझी काच तीन दिवस खाते. आणि तुला विचारलं असतं तर तू हो म्हणाली असतीस?"

नाही.

"म्हणूनच नाही विचारलं."

घ्या! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. मी हातातली काच खाली ठेवली, नाहीतर फेकून मारली असती. काच बिचारी चांगली झाली होती.

५ मार्च, बुधवार

वहिनीनं डबा पाठवला. परत पाठवला. उघडलासुद्धा नाही.

६ मार्च, गुरुवार

वकीलबाईंकडे गेले. त्यांच्या चष्म्याच्या काचा मीच करते. एका डोळ्याचा नंबर असा वाकडा आहे की दुसरं कोणी हात लावत नाही. मला वाटलं, बाई एका वाक्यात निकाल लावतील — स्कॅनची सही म्हणजे चित्र, चित्राला काय किंमत!

कसलं काय. बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "सही स्कॅन करून मेलनं पाठवली एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. आज कितीतरी करार असेच होतात आणि उभे राहतात. शाई की स्कॅन हा प्रश्नच नाही. ती तुमच्या मनानं लागली का, हा प्रश्न."

नाही लागली.

"मग तेवढंच सांगायचं. हा करार मला दाखवला नाही, ह्यावर सही लावायची परवानगी मी दिली नाही. बस. सरसकट काही लिहू नका."

म्हटलं, एवढंच? इतकं मऊ? माझ्या घशाशी आलंय आणि ह्या मला पाण्याचे घोट घ्यायला सांगतायत. बाई हसल्या. "तुमच्या कार्डांवर रोज तीच सही आहे. उद्या त्यांनी विचारलं, ती पण खोटी का, तर काय सांगाल?"

पिशवी उचलली नि निघाले. असा राग आला!

८ मार्च, शनिवार

दादा फोनवर कुणाला तरी — "तिचं डोकं जरा तापलंय, उतरेल."

उतरेल! वाट बघ.

१० मार्च, सोमवार

आईकडे गेले. दादा माझ्या आधी जाऊन आलेला. साहजिकच! कान भरायचं काम वेळच्या वेळी करतो. आईची टकळी सुरू — भांडू नका, तुम्ही दोघंच आहात एकमेकांना, तो काय तुझा वैरी आहे का.

वैरीच आहे. बोलून दाखवलं. आणि आजचा नाही, तेव्हापासूनचा. बाबांनी हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात भागीदारीच्या कागदावर सही केली आणि अर्धं दुकान मला दिलं, तेव्हापासून ह्याच्या पोटात दुखतंय. कागदाची प्रत मला आणून दिली ती सुद्धा कशी — काउंटरवर टाकली आणि गिऱ्हाईकाकडे वळला. अभिनंदन नाही, काही नाही.

आई म्हणाली, "त्यांना शेवटी पेला धरवत नव्हता गं. मी चमच्यानं पाणी पाजायची. तरी तुमचीच नावं तोंडात." आणि डोळ्याला पदर.

मलाही रडू आलं. पण मी बजावून आले — बाबांनी मला मशीन शिकवलं, बाबांनी मला अर्धं दिलं. ह्यातलं मी कणभरसुद्धा सोडणार नाही.

१२ मार्च, बुधवार

नोटीस दिली. बाईंचा मसुदा घेतला आणि शेवटी माझं वाक्य घातलं — ‘आमच्या दुकानाच्या कोणत्याही करारावर स्कॅन करून चिकटवलेली सही ही सहीच नव्हे. शाईने, स्वतःच्या हाताने सही केलेली नसेल, तर तो कागद आम्हांला मान्य नाही, मग तो कोणाचाही असो.’

वाचून बाई फोनवर म्हणाल्या, "हे शेवटचं माझं नाही हं. काढा ते." नाही काढलं. कुठेतरी ठणकावून बोलायलाच हवं!

मेलवर पाठवायची सोय नव्हती — पाठवली असती तर माझीच सही स्कॅन झाली असती! बसनं गेले. चेनच्या ऑफिसात टायवाल्याच्या हातात दिली, त्याच्यासमोर पेन काढलं, त्याच्यासमोर सही केली. "मेल केली असती तरी चाललं असतं, मॅडम." मी म्हटलं, "मला चाललं नसतं."

परत येताना बसमध्ये उभी होते, तरी बसल्यासारखं वाटत होतं.

१५ मार्च, शनिवार

आजपासून कार्डावरही शाईची सही. दादाला सांगितलं, कॉम्प्युटरमधलं ते चित्र पुसून टाक. "पुसलं," म्हणाला. मग आरामात स्टुलावर बसला आणि प्रत्येक कार्डाला मागे वळून हाक — "मॅडम, सही!"

मॅडम! सख्ख्या बहिणीला!

हात पुसून पुसून फडकं चिंब. दोन कार्डांवर शाई पसरली, एका काचेवर चरा पडला कारण मी मध्येच उठले. दारात गिऱ्हाईकं ताटकळलेली. एका म्हाताऱ्या मास्तरांनी कार्ड डोळ्याजवळ धरलं आणि विचारलं, "हे काय, झुरळ मेलंय का?" सगळे हसले. दादा सगळ्यात मोठ्यानं.

वहिनी तेवढ्यात आलेली. हळूच म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण." मी म्हटलं, हात माझा, अवलक्षण माझं, तुम्ही दोघं आपलं बघा.

हसा. मी सही करणार. बोटं झडली तरी.

१७ मार्च, सोमवार

अठ्ठावीस सह्या. मनगट धरलंय. सांगणार कुणाला!

२१ मार्च, शुक्रवार

जिंकले!!

चेनवाल्यांचं उत्तर आलं. माझं म्हणणं त्यांना ‘पूर्णपणे मान्य’ आहे. करार रद्द. दादाच्या नाकासमोर दोनदा मोठ्यानं वाचलं. पूर्णपणे मान्य! तिसऱ्यांदाही वाचणार होते, पण गिऱ्हाईक आलं.

दादानं आधी गिऱ्हाईकाला वाटेला लावलं. मग म्हणाला, "तुझ्या पगाराचं कलम होतं त्यात. तुला कायमची ठेवायची, काचा तपासायला, बसून, कोरड्या हातानं. ते घातल्याशिवाय मी सही करणार नाही म्हणून अडून बसलो होतो. वाचलंस तरी का?"

नाही वाचलं. वाचायचं काय? स्वतःच्या दुकानात पगारी बाई म्हणून राहू? म्हटलं, तुझे उपकार तुझ्यापाशी ठेव. अर्ध्याची मालकीण आहे मी, बाबांनी केलेली. तुझ्या मेहरबानीवर नाही.

काहीतरी बोलणार होता. उठून शटरला तेल घालायला लागला. शटर काही कुरकुरत नव्हतं.

२२ मार्च, शनिवार

मशीन आज काय सुरेख चाललं! वहिनीच्या डब्याला हात लावला. चव घेण्यापुरता.

२ एप्रिल, बुधवार

हे चेनवाले म्हणजे गोचीड. आज परत पत्र, फक्त दादाच्या नावानं. तुमच्या भगिनींचा नियम आम्ही मानला, म्हणतात. तो सगळ्या कागदांना लागू होतो. करार करताना दादानं त्यांना दुकानाचे जे कागद दिले होते त्यात बाबांचा भागीदारीचा कागदही होता, आणि त्यावरची बाबांची सहीसुद्धा स्कॅनचीच दिसते. तर शाईची मूळ प्रत दाखवा. नसेल तर जागा एकट्या दादाची धरून ते त्याच्याशी नवा करार करायला तयार आहेत.

मला हसूच आलं. माझ्याजवळ प्रत आहे, मूळ दादाकडे असणार. दाखव म्हणावं त्यांच्या नाकावर टिच्चून. दादा बाहेरगावी गेलाय, उद्या येईल. आल्या आल्या काढून घेते.

३ एप्रिल, गुरुवार

मूळ प्रत नाही. कधी नव्हतीच.

दादानं सांगितलं, काउंटरवर फ्रेम पुसत, मान वर न करता. बाबांचा हात उठत नव्हता, आणि उठला असता तरी त्यांनी ती सही केली नसती. "काम तिचं चांगलं आहे, पण दुकान तुझं," असं म्हणाले होते त्याला. मृत्युपत्रही तसंच आहे. शाईचं. भागीदारीचा कागद दादानंच लिहून घेतला, आणि बाबांची सही जुन्या बिलावरून उचलून त्यानंच चिकटवली. बाबांना न विचारता. मला न सांगता.

मी मशीनवरून तशीच उठून आले होते. हातातून पाणी गळत होतं.

"चेनवाल्यांना उत्तर द्यायचंय," दादा म्हणाला. "बाबांची सही खरी म्हणून लिहू का खोटी? तू सांगशील तसं लिहितो."

ह्या वेळी मात्र त्यानं विचारलं.