गट क्रमांक सतरा

ट्रॉन्हेम, ९ नोव्हेंबर
मंगळवार, सकाळ

प्रिय स्टाइनारदादा,

तू बरा असशील असं धरून चालते. तोरावहिनीचा गुडघा कसा आहे? इथे काल पहिला बर्फ पडला आणि माझ्या गाडीला अजून उन्हाळी टायर आहेत. "इंगुन, दर वर्षी तेच!" असं म्हणशील. म्हण.

गेल्या आठवड्यात आपण फोनवर तीनदा बोललो आणि तिन्ही वेळा मी टायरांवरच बोलले. म्हणून हे पत्र. दोनदा कॉफी केली, दोनदा ओतून दिली. आत्ता उठून शेगडी पुसून आले. ती स्वच्छच होती.

माझं काम तुला ठाऊक आहे. भिंतीवाल्यांचा, तुळयांवाल्यांचा, तुम्हा पाइपवाल्यांचा आराखडा संगणकात एकावर एक ठेवायचा आणि कोण कुणाला धडकतंय ते बघायचं. पूर्वी एकेक टक्कर उघडून बघायचे, डोळे फुटायची वेळ यायची. वसंतापासून प्रोग्राम स्वतःच जवळच्या, सारख्या दिसणाऱ्या टकरांचे गट करतो. आपण बांधतोय त्या शाळेच्या इमारतीत चार हजार आठशे टकरा होत्या, त्यांचे झाले एकसष्ट गट. साहेब खूश. मीही. शुक्रवारी दोनला घरी यायला लागले होते, खोटं कशाला बोलू?

गट सतरा म्हणजे पाइप आणि छताचे टांगते गज. दोनशे बारा टकरा. पहिल्या तीन उघडल्या, तिन्ही गजांच्याच. गज काय, तुमची माणसं हातानेच सरकवतात. मी अख्खा गट एका क्लिकमध्ये हिरवा केला. हिरवा म्हणजे चालेल.

शेगडी परत पुसली. आता लिहितेच.

त्या दिवशी तू साइटवरून फोन केलास. मी कँटीनमध्ये होते, हातात वॅफल. "इंगे, तिसऱ्या मजल्यावर हा पाइप सरळ तुळईतून दाखवलाय. भोक मंजूर आहे का? नीट बघून सांग."

"बघितलंय रे, सगळं हिरवं आहे. पाड बिनधास्त!"

मी बघितलं नव्हतं. जागेवरून उठलेसुद्धा नाही.

तुळईतल्या सळ्या कापल्या गेल्या. आता मजल्याला खालून टेकू आहेत, आणि जानेवारीत इथे यायची होती ती पोरं अजून वर्षभर पत्र्याच्या वर्गांत बसणार. बैठकीत साहेबांनी विचारलं, "कुणाला विचारून पाडलंत?" तू जमिनीकडे बघून म्हणालास, "माझा अंदाज चुकला." मी दोन खुर्च्यांपलीकडे होते. मी पाणी प्यायले. दुसऱ्या दिवशी तुझं मुकादमपण काढून तुला गोदामात बसवलं. सव्वीस वर्षांनी! आणि परवा, गुरुवारी, तुला ठेवायचं की नाही ते ठरणार.

काल गट सतरा परत उघडला. एकशे अठ्ठ्याऐंशीवी टक्कर तुळईची. पाइप गजांच्या रांगेतूनच जातो, म्हणून प्रोग्रामने तिलाही त्यांच्यातच बसवलं. लपवलं काहीच नव्हतं. मीच खाली सरकले नाही.

वहिनी फोनवर माझ्याशी अजून गोड बोलते, म्हणजे तिलाही तू सांगितलेलं नाहीस. दादा, मला वाचवायला तुला कुणी सांगितलं होतं? तुझा रागही येतो मला. शिव्या दिल्या असत्यास तर मी आधीच बोलले असते, असं स्वतःला सांगत होते. तेही खोटंच.

आज उठल्या उठल्या साइटच्या साहेबांना सगळं लिहून पाठवलं. गट सतरा, टक्कर एकशे अठ्ठ्याऐंशी, तुझा फोन, माझं उत्तर. आधी ते पाठवलं आणि मग तुला लिहायला बसले, नाहीतर तुझ्या एका "राहू दे गं"वर मी परत गप्प बसले असते. माझी नोकरी राहते की जाते, माहीत नाही.

गुरुवारी मी तुझ्या शेजारच्या खुर्चीत बसणार आहे. तोच प्रश्न ते परत विचारतील. तेव्हा तू जमिनीकडे बघू नकोस. माझ्याकडे बोट दाखव.

न बघता हो म्हणालेली,
तुझी
इंगुन