मागच्या कप्प्याचं दार

राजगुरुनगर,
ता. १७ ऑक्टोबर २०२४

चि. विलास यास,
अक्काचा सप्रेम जयभीम व अ. उ. आ. वि. वि.

तुझा फोन येऊन गेला असं रश्मी म्हणाली. मला आता फोनवर नुसतं भुणभुण ऐकू येतं आणि तू तर एवढा ओरडतोस, की आपल्या घरातलं सगळं शेजाऱ्यांना आधी कळतं. म्हणून पत्र. पस्तीस वर्षं शाळेत वह्या तपासल्या, हात अजून शाबूत आहे.

बातमी अशी, की तुमची पाणबुडी ‘शफरी’ भंगारात निघाली. गेली कित्येक वर्षं गोदीत नुसती पडून होती, आता तिचे तुकडे करायचं ठरलं आहे. आपल्या बुद्धरत्नला हे कळलं तेव्हापासून त्याचं कामात लक्ष नाही. चाकणच्या कंपनीतली चार माणसं आणि नौदलातले काही निवृत्त लोक मिळून त्याने समिती केली आहे. सगळी पाणबुडी काही आणता यायची नाही. वरचा मनोरा आणि मागचा कप्पा तेवढा कापून ट्रेलरवर घालायचा, घाट चढवून निगडीला आणायचा आणि महापालिकेच्या मोकळ्या जागेवर कायमचा उभा करायचा, असा बेत आहे. चाकणला रोज एवढ्या अजस्र मशिनी येतात, मग हे काय अवघड, असं तो म्हणतो. शाळेतली मुलं आत जाऊन बघतील. तुझ्या तर घराजवळच होईल.

त्यासाठी दोन कागद लागतात. बोटीवर वारलेल्या माणसाच्या घरच्यांचं संमतीपत्र, म्हणजे माझं, आणि एकाहत्तरच्या लढाईतल्या त्या फेरीत बोटीवर असलेल्या कुणाचं तरी निवेदन. शोधाशोध करून समितीला तू एकटाच सापडला आहेस. एकतीस डिसेंबरच्या आत दोन्ही द्यायचे, नाहीतर कटर चालणार. तुझा कागद आला की मी सही करते.

साखर वाढली आहे असं दिव्याने रश्मीला कळवलं. नातीच्या पाठीमागे जिलेबी खाणं या वयाला शोभत नाही.

माया आहे तशी ठेव.
तुझी
अक्का

*

निगडी प्राधिकरण,
ता. २६ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास,
विलासचा शि. सा. न. व जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. दिव्याची चुगलखोरी कळली. जिलेबी एकच होती.

बोटीबद्दल लिहितोस का, म्हणून विचारलंस. माझं मत स्पष्ट आहे. आणू नये. समुद्रातली वस्तू, तिला इथे डोंगरापलीकडे आणून उन्हात उभी करायची, दोन वर्षांत गंज चढेल. पोरं आत जाऊन फोटो काढतील, भिंतीवर नावं कोरतील. आमच्या इथल्या बागेत तोफ ठेवली आहे, तिच्या तोंडात वेफर्सची पाकिटं कोंबलेली असतात. बोटीने आपलं काम केलं. लोखंड आहे, वितळून गाडीचे सुटे भाग झाले तर कुणाच्या उपयोगी तरी पडेल.

बुद्धरत्नची मेहनत मला कळते. त्याला समजावून सांग, की दाजींची आठवण ठेवायला पत्रा लागत नाही. निवेदन मी देणार नाही. तूही सही करू नकोस, ही विनंती.

गुडघ्याला तेल लावत जा. माझ्यावर रागवू नकोस.
तुझा
विलास

*

राजगुरुनगर,
ता. ६ नोव्हेंबर २०२४

चि. विलास यास,
जयभीम व आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसू आलं, कारण नौदलाची टोपी डांबराच्या गोळ्या घालून अजून कपाटात ठेवणारा माणूस मला पत्र्याचं तत्त्वज्ञान शिकवतो आहे. तिसऱ्यांदा हसू आलं नाही.

विलास, बुद्धरत्न त्या वेळी आठ महिन्यांचा होता. आज त्रेपन्न वर्षांचा आहे, त्याचे केस पांढरे झाले. बापाचा एक फोटो सोडला तर त्याच्याकडे काही नाही. बाप जिथे उभा राहून काम करत होता तिथे एकदा उभं राहायचं, एवढंच त्याला हवं आहे. मलाही तेच हवं आहे असं समज. तू पेटी घेऊन आलास, ती उघडू नका म्हणालास, आम्ही उघडली नाही. क्षणात गेले, काही कळलंसुद्धा नाही त्यांना, असं तू माझ्यासमोर बसून सांगितलंस, आम्ही मानलं. शेवटचं तोंडही न बघता मी त्यांना पोचवलं. ती जागा तरी बघू दे.

दाजींनीच तुला नौदलात भरती केलं, हे विसरला नसशील. तुझा फॉर्म त्यांनी भरला होता, तुझी सही तेवढी राहिली होती.

तुझ्या नाहीमागे गंज नाही. दुसरं काहीतरी आहे. ते लिही.

उत्तराला उशीर नको. जीव टांगणीला ठेवू नकोस.
अक्का

*

चाकण,
ता. २१ नोव्हेंबर २०२४

ती. मामांना,
बुद्धरत्नचा सा. न. व जयभीम. वि. वि.

मी पत्रं लिहीत नाही हे तुम्हाला माहीत आहे, पण हे फोनवर विचारायचं धाडस झालं नाही. गेल्या रविवारी आम्ही चौघं गोदीत जाऊन मापं घेऊन आलो. मागच्या कप्प्यात मी एकटाच थोडा वेळ थांबलो. दाराला आतल्या बाजूने रंगाचे बरेच थर आहेत. टॉर्च तिरका धरला तेव्हा रंगाखाली बारीक खळगे दिसले, सगळे छातीच्या उंचीवर, एकमेकांलगत. मी मोजले, सतरा आहेत. कारखान्यात एवढी वर्षं काढली, हातोड्याची खूण मला ओळखता येते.

गोदीतल्या लोकांना काही माहीत नाही. आईला मी हे सांगितलेलं नाही. मामा, तुम्हाला माहीत असेल तर मला नको, तिला लिहा. तुमचा कागद आला नाही तरी माझा तुमच्यावर राग नाही.

मामींना नमस्कार. आम्हाला दूर करू नका.
आपला
बुद्धरत्न

*

निगडी प्राधिकरण,
ता. २ डिसेंबर २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तू बसून वाच, आणि रश्मी घरात असताना वाच.

दाजी क्षणात गेले नाहीत. ते मी सांगितलं होतं, कुणी मला सांगायला लावलं नव्हतं. पेटी उघडू नका हेही माझंच.

लढाईचा सहावा दिवस होता. आमच्या डोक्यावर शत्रूची दोन जहाजं फिरत होती. अशा वेळी बोटीत काही म्हणजे काही वाजू द्यायचं नसतं. खोकला आला तर उशीत तोंड खुपसायचं. स्वयंपाक्याच्या हातून डाव पडला तर वरच्यांना आपला ठाव लागतो. पंखेसुद्धा बंद होते. मागच्या कप्प्यात वायरिंगने पेट घेतला. तिथे त्या पाळीला दाजी एकटे होते. नियम असा, की दाराजवळ जो असेल त्याने हुकमाची वाट न बघता दार लावायचं, कारण बंद कप्प्यातली आग आतली हवा संपली की आपोआप विझते, आणि उघड्या दारातून आलेला धूर सगळ्यांना मारतो. दाराजवळ मी होतो. मी दार लावलं, चाक फिरवून घट्ट केलं. लावताना मला त्यांची पाठ दिसली. ते वायरी तोडत होते.

थोड्या वेळाने आतून हातोड्याचे ठोके येऊ लागले. आत माणूस जिवंत आहे हे कळवायला तसं ठोकायचं, आम्हाला शिकवलेलं होतं. त्या दारावर आतून खळगे आहेत असं बुद्धरत्नने मला कळवलं, त्याने मोजले ते सतरा. मी ठोके मोजले होते, एकवीस. चार हलके पडले असतील.

वर जाऊन धूर सोडता येत नव्हता, म्हणून दार उघडता येत नव्हतं. आणि ठोके पाण्यात लांबवर जातात. साहेबांनी माझ्या कानाला तोंड लावून सांगितलं, की त्यांना गप्प कर. दोन ठोके म्हणजे आवाज बंद, अशी खूण होती. मी पान्याला फडकं गुंडाळलं आणि दारावर दोन ठोके दिले. आतला आवाज तिथेच थांबला. पुन्हा आला नाही. मी तासभर दाराला कान लावून उभा होतो. जहाजं निघून गेली. बोटीवरचे बाकी सत्तर जण घरी गेले, त्यात मी एक.

पुढे मी मनाशी असं धरून चाललो, की त्याच क्षणाला त्यांची शुद्ध हरपली असेल, माझ्या ठोक्यांचा त्याच्याशी संबंध नसेल. हवा लागून आग पुन्हा भडकेल म्हणून बंदरापर्यंत दार बंदच ठेवलं, पोचायला दोन दिवस लागले. दार उघडल्यावर आधी मी आत गेलो. दाजी दाराला पाठ टेकून बसले होते. हातोडा त्यांच्या हातात नव्हता, जमिनीवरही नव्हता. तो भिंतीवरच्या कडीत अडकवलेला होता आणि वरून त्याचा चामडी पट्टा लावलेला होता. बोट कलली की सुटा हातोडा घरंगळतो आणि वाजतो, म्हणून. तेव्हा मला कळलं, की दम संपून ते थांबले नव्हते. मी सांगितलं म्हणून थांबले होते.

हे तुला सांगायला मी घरी आलो होतो. तू दारात बाळाला घेऊन उभी होतीस. मी ‘क्षणात’ म्हणालो आणि मग तो शब्द परत घेता आला नाही. बोट आली तर ते दार येईल, म्हणून मी नाही म्हणत होतो. गंजाचं सगळं खोटं होतं.

आता तू म्हणशील ते लिहून देतो. मला आशीर्वाद दे असं लिहायची हिंमत नाही, म्हणून इथेच थांबतो.
विलास

*

राजगुरुनगर,
ता. २५ डिसेंबर २०२४

चि. विलास यास,
जयभीम. वि. वि.

तीन आठवडे उत्तर लिहिलं नाही, ते मुद्दाम. दिव्याने दोनदा चौकशी केली, मी रश्मीला सांगितलं, मला ऐकू येत नाही असं सांग. आशीर्वादाचा शब्द या वेळी वर घातलेला नाही, ते तुझ्या लक्षात आलं असेल. राग आहे. दार लावलंस त्याचा नाही, ठोक्यांचाही नाही. नियम तुमचे होते, लढाई होती, सत्तर घरं होती. राग त्या एका शब्दाचा आहे.

तुला वाटलं, तू मला वाचवलंस. मी काय धरून बसले होते ते तुला कसं कळणार. त्रेपन्न वर्षं मी रोज हा विचार केला, की क्षणात गेलेल्या माणसाला शेवटी कुणाची आठवण यायला वेळच मिळाला नसणार. माझी नाही, बाळाची नाही. आमचं शेवटचं काहीच नाही. दिवा विझावा तसं. तुझं पत्र वाचून मी खूप रडले, धुराचा विचार करून रडले, आणि रडता रडता मनात आलं, की वेळ होता. पट्टा लावून खाली बसल्यावर त्यांना थोडा तरी वेळ मिळाला असेल. त्या वेळात ते घरी आले असतील. हे माझं होतं, विलास, आणि ते तू एवढी वर्षं माझ्यापासून लांब ठेवलंस.

पत्र बुद्धरत्नला मी स्वतः वाचायला दिलं. तो वाचून दुसऱ्या पाळीला गेला, आल्यावर जेवला नाही. सकाळी म्हणाला, मामा त्या दिवशी एकवीस वर्षांचे होते.

सोमवारी मी सही केली. समितीने फलकाचा मजकूर आणला होता, त्यात क्षणार्धात वीरमरण असं छापायचं होतं. ती ओळ मी खोडली. दाराला नवा रंग द्यायचा नाही, खळगे बुजवायचे नाहीत, हे लिहून घेतलं. तुझं निवेदन एकतीसच्या आत पोचव. मला लिहिलंस तसंच लिही, एक शब्द कमी नको. बाहेर फलकावर ते लागणार आहे. तुला ते जड जाईल, ते माहीत असून मागते आहे.

आणखी एक. तुझी त्या दाराजवळची जागा त्यांना ठाऊक असणार. ते दोन ठोके कुणाच्या हातचे आहेत, हे त्यांना कळलं असणार. आपलं माणूस पलीकडे उभं आहे, एवढं तरी त्यांना शेवटी ठाऊक होतं. हे मी तुझ्या समाधानासाठी लिहीत नाही, माझ्यासाठी लिहिते आहे. पण तूही वाच.

मार्चपर्यंत कप्पा निगडीत येईल म्हणतात. पहिल्या दिवशी समारंभ आणि भाषणं नंतर होऊ देत. आधी मला आत जाऊन एकटीने थोडा वेळ बसायचं आहे, दाराला पाठ लावून. तू बाहेर थांब. मी आतून हाक मारीन, तेव्हा तू आत ये.

तुझी
अक्का