पाटीशी वाद

तीर्थरूप दादास,

धाकट्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (गाडी उभी आहे, तेव्हा स्टिअरिंगची काळजी नको.) वहिनींनाही नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे असं विचारायची रीत आहे, पण ती कशी आहे हे कळलं म्हणूनच आम्ही घराला कुलूप लावून निघालो, आता तेच विचारणं म्हणजे बंब घेऊन निघालेल्याने वाटेत थांबून "सगळं ठीक ना?" म्हणण्यासारखं आहे. येत्या गुरुवारी तुझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे, त्याआधी येऊन जा, असं वहिनींनी तुझ्या भावजयीला फोनवर सांगितलं. 'येऊन जा' हे तू म्हणालास की वहिनींनी परस्पर ठरवलं, हे विचारायची माझी छाती झाली नाही. नऊ वर्षांत तू माझ्याशी अवाक्षर बोललेला नाहीस, त्यामुळे तूच म्हणालास असं धरून चाललो आहे. आज सोमवार. आठशे चाळीस किलोमीटरचा रस्ता आपल्या ट्रकच्या दिवसांत दीड दिवसाचा. आम्हाला आज नववा दिवस आहे, आणि त्याचाच खुलासा करायला हे पत्र. फोन मी तीनदा लावला होता. तिन्ही वेळा तू उचलायच्या आत मीच ठेवला, कारण रेंज जाईल असं वाटलं.

तू आमची घरगाडी पाहिलेली नाहीस. निवृत्त झाल्यावर मला घरात बसवेना. सकाळी उठलं की मी गॅलरीत उभा राहून खाली वळणाऱ्या गाड्यांना हातवारे करायचो, "घे, घे, अजून घे" म्हणायचो, आणि एकदा एकाने खरोखरच घेतली आणि खांबाला टेकवली. त्यावर तुझी भावजय म्हणाली की तुम्हाला घर सोसत नाही आणि मला रस्ता सोसत नाही, तर दोन्ही मिळून काहीतरी बघा. म्हणून ही गाडी: बावीस फूट लांब, आत पलंग, शेगडी, मोरी, कपाटं, सगळं. दादा, सव्वीस वर्षं आपण दोघांनी लोकांची घरं ट्रकमध्ये भरून हलवली. बांधाबांधीत आपला हात धरणारा कुणी नव्हता. पण ते सामान बांधलेलं असायचं रे! हे घर मांडलेलं असतं, आणि मांडलेलं घर ताशी साठच्या वेगाने खड्ड्यात गेलं की काय होतं हे आपल्याला ठाऊकच नव्हतं. आता आम्ही खड्डे आवाजावरून ओळखतो. चमच्यांचा खण उघडला तर तो खड्ड्यात धरायचा नाही. पातेली खाली उतरली तर मध्यम. मोरीचा नळ आपोआप सुरू झाला तर मोठा. आणि मागे पलंगावर बसलेली तुझी भावजय न चालता पुढच्या सीटपाशी पोचली, तर समजायचं की या भागात रस्त्याची दुरुस्ती नुकतीच पूर्ण झालेली आहे.

कारण खड्डा निदान प्रामाणिक असतो, जिथे असतो तिथेच असतो. दुरुस्तीचा भरवसा नाही. पहिल्या दिवशी एकशे दहा किलोमीटरचं डांबर खरवडून ठेवलेलं होतं; नवं घालणारे लोक कुठे होते ते कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी आम्ही एका पुलाच्या कामामुळे वळलो, वळलेल्या रस्त्याच्या कामामुळे पुन्हा वळलो, आणि संध्याकाळी सकाळच्याच पेट्रोल पंपावर पोचलो. (पंपावरच्या बाईंनी ओळखीचं हसून, "आज दोनदा?" असं विचारलं. मी म्हटलं, तुमची हवा चांगली आहे. टायरमधली.) तिसऱ्या दिवशी जे झालं ते मात्र तुला सांगावं की नाही हे ठरत नाही. पण नाही सांगितलं तर तुझी भावजय सांगेल, आणि ती मीठमसाला लावते.

झालं असं की दुपारी दोनच्या सुमाराला मला झोप येऊ लागली. झोप आली की चाक सोडायचं हा तुझाच नियम, म्हणून गाडी कडेला घेतली. पण शेजारून ट्रक असे जात होते की प्रत्येक ट्रकसरशी खण उघडायचा आणि चमचे बाहेर डोकावायचे. तिथे कडेला कुठल्यातरी जुन्या कामाची पाटी पडलेली होती: 'पुढे रस्ता बंद', आणि खाली डावीकडे जाणारा बाण. ती मी थोड्या वेळापुरती मागच्या फाट्यावर नेऊन उभी केली. फक्त अर्धा तास, दादा! काय शांतता पसरली म्हणून सांगू. दीड तास झोपलो, चहा घेतला, निघालो. साठ किलोमीटर गेल्यावर भावजयीच्या लक्षात आलं की तिचा चष्मा त्या फाट्याजवळच्या दगडावर राहिला. परत फिरलो. मधल्या एका गावातून जवळचा रस्ता आहे म्हणून तिकडून घुसलो आणि पलीकडच्या बाजूने फाट्यावर आलो, तर समोर पाटी: पुढे रस्ता बंद. आता पाटीशी वाद घालायचा नाही, हाही तुझाच नियम. मी मुकाट्याने डावीकडे वळलो. पस्तीस किलोमीटर, दादा! एका कालव्याच्या काठाने, म्हशीही बिचकतील अशा वाटेने, पुढे अठरा ट्रक, मागे एक बस. सगळे खाली उतरून खात्याच्या नावाने शंख करत होते. त्यात सर्वांत मोठा आवाज माझा होता. ही पाटी लावणाऱ्याला याच रस्त्यावर आठवडाभर चालवला पाहिजे, अशी सूचना मी मांडली आणि ती टाळ्यांच्या गजरात मंजूर झाली. मग तुझ्या भावजयीने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं की पाटी उचललीत ना हो निघताना?

हे वाचून तुला हसू आलं असेल तर बरं आहे. (ऑपरेशनच्या आधी हसणं चालतं ना, ते डॉक्टरांना विचार.) आणि राग आला असेल तर तोही समजण्यासारखा आहे, कारण तुझ्यामाझ्यात जे बिनसलं ते पाटीवरूनच. ताईच्या लेकीच्या लग्नाला निघालो होतो. समोर 'रस्ता बंद'ची पाटी. तू म्हणालास वळ, मी म्हणालो पाटी जुनी आहे. तू म्हणालास पाटीशी वाद घालायचा नाही, मी म्हणालो मग तुझ्याशी घालतो. त्यानंतर तू उतरलास की मी उतरवलं यावर आपलं अजून एकमत नाही, पण तुझी पिशवी मीच खाली ठेवली हे मला मान्य आहे. मी सरळ गेलो. रस्ता मोकळा होता, झकास होता, फक्त पंक्चरमुळे उशीर झाला, असं मी त्या दिवशी लग्नात सगळ्यांना सांगितलं आणि पुढे नऊ वर्षं सांगत आलो. तू लग्नाला पोचलाच नाहीस. ताई अजून मला मधूनमधून विचारते की दादा का आला नाही, आणि मी रस्त्यांच्या अवस्थेवर बोलू लागतो.

तर सध्याची परिस्थिती अशी. आम्ही दगडखाणीजवळ खोळंबलो आहोत. एकच बाजू चालू, दोन्ही टोकांना झेंडेवाले. आमच्या टोकाचा झेंडेवाला स्टुलावर हिरवा झेंडा ठेवून जेवायला गेला. मला स्वस्थ बसवत नाही हे तू जाणतोसच. अडीच तासांत मी चारही टायर सहा वेळा तपासले, रोलरवाल्याला रोलर कसा चालवावा हे सांगितलं, गाडीत दारापासून पलंगापर्यंत साडेतीन पावलं आहेत ती शेकडो वेळा मोजली, आणि शेवटी झेंडा उचलून हलवला. त्याच वेळी पलीकडच्यानेही हलवला. दोन्हीकडच्या गाड्या मधोमध नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या, आणि मुकादम विचारत आला की हिरवा कुणी दाखवला? मी म्हणालो, अशा बेजबाबदार माणसाला कामावर ठेवूच नये. भावजयीने खिडकी लावून घेतली. तेव्हा आता हे सुटायला उद्या उजाडेल, फार तर परवा, आणि आम्ही गुरुवारच्या आत नक्की पोचू असं मी म्हणत नाही, पण रस्त्यांचा एकंदर विचार करता नाहीच पोचलो तर मनाला लावून घेऊ नकोस. तुला विश्रांती हवी. मी आल्याने तुझा रक्तदाब चढेल, आणि अशा वेळी तो चढू नये असं मी कुठेतरी वाचलं आहे. ऑपरेशन झाल्यावर, तू बरा झाल्यावर, रस्तेही बरे झाल्यावर सावकाश भेटू.

तुझा,
धाकटा

ता. क. तुमच्या गल्लीत बावीस फुटी गाडी वळेल का? सहज विचारतो आहे.

ता. क. दुसरा. दादा, रस्ता बंदच होता. अठरा किलोमीटरवर पूल खचलेला होता, पुढे नुसती नदी. मी परत आलो. तू पाटीशेजारच्या मैलाच्या दगडावर बसला होतास, पिशवी मांडीवर घेऊन. मी तुला लांबूनच पाहिलं. तू माझी वाट बघत होतास की बसची, ते मला माहीत नाही, पण तू मान वर करायच्या आत मी फाट्यावरून वळण रस्त्याला वळलो. लाज वाटली म्हणून. त्या वेळी वाटलं, आता थांबलो तर हा आयुष्यभर मला बोलून दाखवील. आता वाटतं, दाखवलं असतंस तर निदान आयुष्यभर बोलला तरी असतास. मला माफ कर. हे समोर येऊन म्हणायला हवं, पण रस्ते फार वाईट आहेत.

भाऊजी, नमस्कार. पाकीट चिकटवून पेटीत टाक म्हणून हे पत्र माझ्याकडे दिलं, ते मी पेटीत न टाकता तुमच्या दाराखालून सरकवते आहे. दगडखाणीचं सगळं खरं आहे, पण ते गेल्या बुधवारचं. शनिवारी सकाळपासून आम्ही तुमच्या गल्लीच्या तोंडाशी, औषधांच्या दुकानासमोर उभे आहोत. इथलं डांबर नवं कोरं आहे, खण एकदाही उघडला नाही. 'कोण बिनडोक गाडी आडवी लावून बसलाय' असं तुम्ही रोज खिडकीतून म्हणता, हे वहिनींनी मला काल भाजी घेताना सांगितलं. तुमचं निदान बरोबर आहे. त्या दिवशी मीही गाडीत होते. थांबा म्हणाले होते, पण एकदाच म्हणाले, त्याची चुटपुट मलाही आहे. हे तीन दिवस दार उघडतात, एक पाय खाली ठेवतात आणि टायर बघायला वळतात. आपण होऊन ते काही यायचे नाहीत. डॉक्टरांनी तुम्हाला रोज शंभर पावलं चालायला सांगितलंय असं कळलं. तुमच्या दारापासून गाडीपर्यंत मी आत्ताच मोजली, चौऱ्याऐंशी भरली. परतीची मोजू नका. पुढची सीट तुमच्यासाठी रिकामी केली आहे.