वाळू धुवायची सहल

अंबाजोगाई, १२ एप्रिल, संध्याकाळ

सकाळी मीनलचा अमेरिकेहून फोन. जूनमध्ये लेक आम्हाला बोटीनं अलास्का दाखवणार आहे. बोट एका गावी दिवसभर थांबते, तिथली सहल आजच निवडायची म्हणे. देवमासे बघायचे, की सगळ्यांनी मिळून ओढ्यातली वाळू धुऊन सोनं काढायचं? फोटोही पाठवला. हसरी माणसं, हातात काळी परात.

हे लगेच म्हणाले, "देवमासे बघू. वाळू कावून धुवायची?" माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला सांभाळून घेत होते.

माझी माय सराफ्यात दुकानांपुढच्या गटारातली माती घमेल्यात धुवायची, सोन्याचे कण काढायची. लग्न जुळवताना आम्ही सांगितलं, माय शेतात कामाला जाते. ह्यांना मी पुढं खरं सांगितलं. मीनलला कधीच नाही. का नाही? मायला तर त्या कामाची लाज कधी वाटली नाही.

परत तो फोटो उघडला. परातीला केवढा हिसका देतोय तो माणूस. असं करतात का? सगळे कण वाहून जातील. माय नुसतं मनगट हलवायची, पाणी आपसूक काठावरून जायचं.

संध्याकाळी सात वाजता मीच फोन लावला. म्हटलं, "सोन्याचीच सहल घे."

"नक्की ना? तिथं शिकवायला माणूस असतो, आई."

"मला लागत न्हाई," बोलून गेले.

"म्हणजे?"

ह्यांनी टीव्ही बंद केला. मी घमेल्यापासून सुरुवात केली.