अंजूरच्या माळावरील गवत आणि दुसरा पीळ

मी, ऋतिका केसरीनाथ भोईर, वय सत्तावीस, राहणार अंजूर, तालुका भिवंडी, सर्वप्रथम माझ्या रविवारच्या मृत्युपत्रातील चूक दुरुस्त करते. "आमच्या माळावरचे गवत तिसऱ्या पिळाला तुटते" असे त्यात लिहिले आहे. त्या काड्या मी माळाला लागून असलेल्या गोदामाच्या सावलीतून घेतल्या होत्या. उन्हातल्या काड्या त्याच दिवशी दुसऱ्या पिळाला तुटत होत्या.

हे माझे चौथे मृत्युपत्र. आधीची तिन्ही रद्द. माझे डोके ठिकाणावर आहे. घरात याबद्दल दुमत आहे, पण ते मी येथे नोंदवत नाही.

कारण असे. आमच्या घरात गवत कापायचा दिवस एकाच माणसाने ठरवायचा, आणि त्या दिवशी त्याच्या नावावर काहीही ठेवायचे नाही, म्हणजे लोभाने दिवस चुकत नाही. आजोबा आदल्या संध्याकाळी छत्री, चष्मा आणि कवळी शेजाऱ्यांकडे देऊन येत आणि सकाळी बोळक्या तोंडाने "कापा" म्हणत. जाताना हे काम त्यांनी मला दिले, कारण शाळेत जायच्या आधीच आक्काने, म्हणजे माझ्या आत्याने, मला अंक गवताच्या काड्यांवर शिकवले होते. पेंढी गवतानेच बांधायची असते. पिळलेली काडी तिसऱ्या पिळाला तुटली की कापायचे. पहिल्याच पिळाला तुटू लागली तर पेंढी बांधली जात नाही, गवताचा भुगा होतो.

यंदा पाऊस गणपतीबरोबरच गेला. गवत उभ्या उभ्या वाळते आहे. ते हातचे गेले तर आक्काच्या दोन म्हशींना जूनपर्यंत वैरण नाही, आणि चुलतभाऊ देवेश माळ गोदामवाल्यांना ट्रेलर उभे करायला देणार. तसे घरात ठरले आहे.

१. कापडाचे धागे मोजायचे घडीचे भिंग, ज्यावर माझी कारखान्यातील नोकरी चालते, ते सहकारी विनिता हिला. मी त्याने गवत तपासत होते तेव्हा ती म्हणाली, "अगं, कापड हाय का हे? खराब निघालं तर परत पाठवणारेस?" तिला माफ केले आहे.

२. स्कूटर देवेशला. तो रोज सांगतो, "अजून चार दिवस थांब ना ताई, घाई कसली!" एरवी तो मला ताई म्हणत नाही. स्कूटर माळावर उभी करू नये.

३. बँकेतील शिल्लक म्हशींना. त्यांच्या नावे खाते निघत नाही. दोन शाखांत विचारून झाले. सबब आक्काला.

४. विळा रंगूबाईंना. त्या गेले पंधरा दिवस रोज अकरा बायका घेऊन कापणीसाठी माळावर येतात, डबा खातात आणि परत जातात. काल म्हणाल्या, "बाय, तू मर न्हायतर कापाया सांग. दोनातला येक कर."

दुसरे मृत्युपत्र, ज्यात कापणीचा दिवस मंगळवार होता, रामनाथकाकांमुळे रद्द झाले होते. ते कोर्टात कारकून होते.

"मृत्युपत्र मेल्यावर लागू होतं. मंगळवारी मरणारेस का?"

"नाही."

"मग मंगळवारी सगळं तुझंच."

म्हणून या वेळी वरील सर्व आज सकाळी प्रत्यक्ष देऊन टाकले आहे. हा कागद केवळ खबरदारी. विनिताने भिंग माझ्यासमोरच पुसले.

त्यानंतर उन्हातल्या दहा काड्या पिळल्या. चार पहिल्याच पिळाला तुटल्या. मी अकरावीसाठी वाकले तेव्हा आक्का बांधावरून ओरडली, "किती मोडशील गं? म्हशींना पन ठेव थोडं!" ती काडी मी उभीच ठेवली.

यापुढे या कागदात चूक सापडली तरी दिवस बदलणार नाही. एक गोष्ट मात्र मी कोणालाही देत नाही: दिवस चुकला असेल तर ती चूक. ती माझ्याच नावावर राहील. आजोबांच्या नियमात हे बसत नाही, याची मला जाणीव आहे.

साक्षीदार:
रामनाथ तरे (सही. "सर्व वाचले. हसलो नाही.")
रंगूबाई (डाव्या अंगठ्याचा ठसा, उजव्या हातात विळा होता.)

अंजूर, बुधवार, १८ ऑक्टोबर २०२३
सही: ऋतिका केसरीनाथ भोईर

कापणी: उद्या, गुरुवार, १९ ऑक्टोबर, दंव सुकल्यावर, सकाळी नऊ वाजता.